टेबल सहा जणांचं, कारभारी एक

मित्रमंडळींबरोबर एखाद्या नावाजलेल्या, खिशाला चाट लावणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जायचं ठरलं की ग्रुपवर पहिली चर्चा सुरू होते ती ‘कुठे?’ यावर. पन्नास मेसेज, चार लिंका, दोन रुसवे. माझ्या मते हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, कारभारी कोण? आणि दुसरा, माणशी किती? ही दोन उत्तरं घरी बसून मिळाली की जागा ठरवणं सोपं जातं. मिळाली नाहीत, तर वेटर डोक्यावर उभा असताना टेबलावर ती शोधावी लागतात, आणि त्या पाच मिनिटांत निम्म्या संध्याकाळचा विरस होतो.

कारभारी म्हणजे यजमान नव्हे. पैसे त्याने द्यायचे नसतात. तारीख पक्की करायची, टेबल सांगून ठेवायचं, ऑर्डर द्यायची आणि बिल तपासायचं, एवढं त्याचं किंवा तिचं काम. ज्याला सगळ्यांच्या खाण्याच्या खोडी ठाऊक आहेत आणि ‘आता पुरे’ असं तोंडावर म्हणता येतं, त्याच्या गळ्यात हे काम घाला. ग्रुपमधला अट्टल खवय्या या कामाला बहुधा कुचकामी ठरतो, कारण तो स्वतःच्या जिभेला विचारून ऑर्डर देतो. सगळ्यात जास्त कमावणारा तर नकोच. मेन्यूच्या उजव्या बाजूचे आकडे त्याच्या डोळ्यांत भरत नाहीत.

आकड्यांचंच आधी बोलू. कॉलेजचे मित्र वीस वर्षांनी एकत्र बसतात तेव्हा एक हिंजवडीत आयटीत मोठ्या हुद्द्यावर असतो, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असतो आणि एकीचा नवा धंदा अजून बसायचा असतो. ‘माणशी अडीच हजार, चालेल ना?’ असं ग्रुपवर विचारलं की सगळ्यांचे अंगठे वर येतात, अडचण असलेल्याचा सगळ्यात आधी. म्हणून कारभाऱ्याने एकेकाला वेगळा फोन करावा आणि आकडा आपण सुचवू नये. ‘तुला किती बरं पडेल?’ एवढंच विचारावं. सगळ्यात कमी आलेला आकडा तो ग्रुपचा आकडा. तो कुणाकडून आला, हे कारभाऱ्याच्या पोटातच राहायला हवं. आकडा फारच खाली आला तर रात्रीऐवजी दुपारी जा. बऱ्याच बड्या रेस्टॉरंटांत कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक पदार्थांचा, रात्रीपेक्षा स्वस्त मेन्यू असतो. स्वयंपाकघर तेच, आचारीही तेच.

माणशी आकडा काढताना कर धरायला विसरू नका. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, तिथल्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये तोच १८ टक्के होतो. दहा हजारांच्या जेवणावर एकीकडे पाचशे, दुसरीकडे अठराशे. पंचतारांकित हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये ‘नुसतं काहीतरी हलकं खाऊ’ म्हणून शिरणाऱ्यांनी हा फरक आधीच मनाशी धरावा. मद्यावर जीएसटी नसतो. त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो, आणि बिलात तो वेगळ्या ओळीत दिसतो.

वाढदिवसाची किंवा बढतीची पार्टी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे देणारा एकच, म्हणून जागाही त्यालाच ठरवू द्या. ‘एवढी बढती मिळाली आणि इथे नेतोस?’ ही थट्टा एकदाच बरी. बाकी सगळ्या वेळी टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी. पण त्याचेही दोन प्रकार असतात, ते पुढे बिलाच्या वेळी पाहू.

तारीख ठरवायला कालनिर्णय उघडा. चेष्टा नाही. सहा मराठी माणसांत एक संकष्टी धरणारी, एक गुरुवारी मटण-मासे न खाणारा आणि एक श्रावण पाळणारा हमखास निघतो. गटारीच्या आधीच्या शनिवार-रविवारी सामिष जेवणासाठी नावाजलेल्या ठिकाणी टेबल मिळेल ही आशाच सोडा. मद्य घेणारी मंडळी असतील तर गांधी जयंती आणि मतदानाचे दिवस टाळा, ते ड्राय डे. आणि मासळीचा बेत असेल तर १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने लक्षात ठेवा. मासळीच्या विणीच्या काळात आपल्या किनाऱ्यावरच्या यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. त्या दिवसांतही मेन्यूवर पापलेट असतं, पण ते बर्फातलं किंवा लांबून आलेलं असण्याचीच शक्यता जास्त. ‘ताजं आहे का?’ या प्रश्नाला जगात कुठल्याच वेटरने ‘नाही’ म्हटलेलं नाही. ‘आज काय आलंय, आणि कुठून?’ असं विचारा. उत्तर अडखळलं की कोंबडीकडे वळा.

आता जागा. मुंबईपुरतं बोलायचं तर मी मेन्यूच्या आधी रेल्वेचा नकाशा पाहीन. एक डोंबिवलीचा, एक बोरिवलीची, एक पनवेलचा असा ग्रुप असेल तर काळा घोडा सोयीचा. तृष्णा, खैबर ही जुनी नावाजलेली ठिकाणं तिथेच आहेत आणि सीएसएमटी व चर्चगेट दोन्ही पायी गाठता येतात. लोअर परळच्या कमला मिलमध्ये २०१५ पासून असलेलं बॉम्बे कँटीन पश्चिम रेल्वेवाल्यांना लोअर परळहून जवळ, मध्यवाल्यांना करी रोडहून. गोव्याच्या जेवणासाठी बीकेसीतलं ओ पेद्रो झकास, पण रात्री उशिरा बीकेसीतून बाहेर पडायला गाडीची सोय आधी करून ठेवा. मालवणीच हवं आणि सगळे उपनगरातले असतील तर विले पार्ल्याचं गजाली आहे, दक्षिण मुंबईपर्यंत तंगडतोड करायची गरज नाही. शेवटच्या लोकलकडे डोळे लावून बसलेला मित्र गोड पदार्थाच्या वेळी मनाने कधीच स्टेशनवर पोचलेला असतो.

एक प्रकार मात्र ग्रुपसाठी सुचवणार नाही. महालक्ष्मीच्या मास्कसारख्या ठिकाणी शेफने ठरवलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात. जेवण म्हणून तो अनुभव मोठा आहे, पण तो दोघांनी किंवा तिघांनी, खाण्याकडे पूर्ण लक्ष देऊन घ्यावा. वीस वर्षांच्या गप्पा मारायला गेलेल्या मंडळींना दर थोड्या वेळाने येऊन कुणी ताटातल्या वस्तूची माहिती सांगू लागलं तर माहिती सांगणाऱ्याचाही अपमान होतो आणि गप्पांचाही. शिवाय ऑर्डर द्यायची नसल्यामुळे कारभाऱ्याला काही कामच उरत नाही.

बुकिंग सहापेक्षा जास्त माणसांचं असेल तर अॅपवर न करता फोन करा. अॅपला फक्त माणसांची संख्या कळते. फोनवर बऱ्याच गोष्टी एका दमात विचारून होतात. टेबल किती वेळ आपलं? गर्दीच्या ठिकाणी शनिवारी रात्री दोन पंगती असतात, साडेसातच्या आसपास एक आणि साडेनऊच्या पुढे दुसरी. पहिल्या पंगतीला बसलात तर दीड-दोन तासांनी ‘अजून काही आणू?’ चा सूर बदलतो. गप्पांना वेळ हवा असेल तर दुसरी पंगत घ्या, शेवटच्या लोकलची चिंता असेल तर पहिली. उशीर झाला तर टेबल किती मिनिटं धरून ठेवणार? बहुतेक ठिकाणी पंधरा. अनामत घेणार असतील तर ती बिलात वळती होते का? केक बाहेरून आणला तर कापायचे पैसे लावता का? हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण काही ठिकाणी खरंच लावतात. आणि टेबल स्पीकरखाली किंवा स्वयंपाकघराच्या दारापाशी नको, हे स्पष्ट सांगा. गोल टेबल मिळालं तर सोनं. लांबट टेबलावर आठ माणसं बसली की दहा मिनिटांत त्यांचे दोन ग्रुप होतात आणि मधल्या दोघांच्या माना दुखतात.

कुणाला कोळंबी-खेकड्याची किंवा दाण्यांची अॅलर्जी असेल तर ते बुकिंगच्या वेळी सांगाच, आणि टेबलावर बसल्यावर वेटरला पुन्हा सांगा. फोन घेणारा माणूस आणि ऑर्डर घेणारा माणूस वेगळे असतात.

यानंतर येते ऑर्डर, आणि खरी गंमत इथे आहे. सहा जणांनी सहा मेन्यू उघडून आपापला एकेक पदार्थ मागवला तर टेबलावर सहा वेगळी जेवणं येतात. तसंच जेवायचं तर एकत्र कशाला आलात? मेन्यू एकट्या कारभाऱ्याच्या हातात असू द्या. बाकीच्यांनी फक्त दोन गोष्टी सांगायच्या, काय अजिबात नको आणि कशासाठी जीव अडकलाय. मंद दिव्यात चाळिशीच्या चष्म्यावाल्यांना क्यूआर कोडवरचा मेन्यू वाचताना नाकी नऊ येतात, तेव्हा छापील मेन्यू मागून घ्या. बहुतेक ठिकाणी आतल्या कपाटात तो असतो.

सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. आधी फक्त सुरुवातीचे तीन-चार पदार्थ सांगा. प्रत्येकाच्या बाबतीत विचारा, ‘प्लेटमध्ये पीस किती?’ हा प्रश्न विचारायला महागड्या ठिकाणी लोक उगाच लाजतात. पाच पीस येणार असतील आणि माणसं सहा असतील तर सहावा पीस वाढवून द्याल का, हेही विचारा. पुष्कळ ठिकाणी हिशोबाने वाढवून देतात. आठ माणसं लांब टेबलावर असतील तर चार वेगळे पदार्थ मागवण्यापेक्षा दोनच पदार्थांच्या दोन-दोन प्लेटा मागवा, एकेक टोकाला एकेक. नाहीतर एका टोकाला सगळं तंदुरी संपतं आणि दुसऱ्या टोकाला पुदिन्याची चटणी पोचते. सुरुवातीचं किती खपलं ते पाहून मग रस्सा, रोटी, भात सांगा. सहा जणांना तीन रस्से पुरतात, आणि भाताची एक मोठी प्लेट पुरून उरते. मराठी माणूस भातावर येईपर्यंत ‘बास’ म्हणत नाही हे खरं, पण दोन-दोन घासच खातो हेही खरं.

मेन्यूवर काही पदार्थांपुढे किमतीऐवजी ‘एपीएस’ अशी तीन अक्षरं दिसतील. म्हणजे आकारमानाप्रमाणे भाव. पापलेट, खेकडा, शेवंड यांच्यापुढे ती हमखास असतात. खेकड्याचंच उदाहरण घ्या. बटर-पेपर-गार्लिक खेकडा ही मुंबईतल्या मासळीच्या बड्या हॉटेलांची शान. मागवायच्या आधी कच्चा खेकडा दाखवायला सांगा. वेटर ताटात किंवा टोपलीत तो घेऊन येतो, नांग्या दोऱ्याने बांधलेल्या, कवच अजून ओलं. बघून ‘वा!’ म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. वजन किती? भाव नगावर की वजनावर? आणि या एका खेकड्याचे कर सोडून नेमके किती होतील? रुपयांचा आकडा ऐकल्याशिवाय मान हलवू नका. वजनाचा मोठा भाग कवचाचा असतो, तेव्हा किलोभर खेकड्यातून सहा जणांना मिळणारा गर जेमतेम चव घेण्यापुरता. एकच मोठा मागवण्यापेक्षा मध्यम आकाराचे दोन घेतले तर नांग्या दुप्पट मिळतात, आणि भांडण नांग्यांवरूनच होतं.

खेकडा टेबलावर आला की सगळ्यांचं बोलणं थांबतं आणि कोपरापर्यंत लोणी येतं, हे गृहीत धरा. म्हणून तो सुरुवातीच्या पदार्थांबरोबर नको आणि रश्शाबरोबरही नको, मध्ये एकटा येऊ द्या. बाह्या वर करा. ज्यांना फोडाफोडीचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी गर काढून द्याल का, असं विचारा. काही ठिकाणी देतात. अर्थात नांगी दाताखाली फुटल्याचा आवाज न होता खाल्लेला खेकडा मला तरी खेकडा वाटत नाही. बोटं बुडवायला लिंबाच्या फोडीचं गरम पाणी मागून घ्या, आणि फोन त्याआधीच पिशवीत जाऊ द्या. फोटो काढणाऱ्यांनी पदार्थ आल्या आल्या एक काढावा आणि संपवावं. लोणी थिजलेला खेकडा फोटोतही चांगला दिसत नाही.

शाकाहारी मित्रांकडे या गडबडीत दुर्लक्ष होतं. चार मांसाहारी आणि दोन शाकाहारी असले की त्या दोघांच्या वाट्याला पनीर आणि दाल मखनी येते, आणि बिलात मात्र खेकड्याचा वाटा येतो. त्यांचे पदार्थ आधी ठरवा, त्यांच्याच हाताशी ठेवायला सांगा, आणि त्यांचे चमचे वेगळे राहतील हे पाहा. कट्टर शाकाहारी किंवा जैन मंडळी असतील तर तळण्याचं तेल आणि तंदूर वेगळा आहे का, हे कारभाऱ्याने विचारावं. त्यांना स्वतःला विचारायला लावू नये. कांदा-लसणाशिवाय आणि कंदमुळांशिवाय काय होऊ शकतं, हे बुकिंगच्याच फोनवर विचारलेलं बरं. स्वयंपाकघराला आधी कळलं तर नीट काहीतरी होतं, ऐनवेळी सांगितलं तर उकडलेल्या भाज्या येतात.

प्लेटमधला शेवटचा तुकडा हा आपला राष्ट्रीय प्रश्न आहे. ‘घे रे तू’, ‘नको, तूच घे’ करत तो गार होतो आणि वेटर उचलून नेतो. कारभाऱ्याने तो सरळ कुणाच्या तरी ताटात वाढून मोकळं व्हावं.

पाण्याचं. बसल्या बसल्या ‘रेग्युलर की बॉटल्ड?’ असा प्रश्न येतो, आणि रेग्युलर म्हणायला आपल्याला उगाच कमीपणा वाटतो. रेग्युलर म्हणा, गाळलेलं साधं पाणी मागा. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त लावली म्हणून वाद घालून उपयोग नाही. बसून खाण्याच्या सेवेबरोबर दिलेल्या बाटलीला छापील किमतीचं बंधन नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच दिला आहे. मद्याबद्दल एवढंच, की महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, तेव्हा तरुण मंडळींनी ओळखपत्र जवळ ठेवावं. आणि गाडी घेऊन कुणी येऊ नये.

बिल आलं की ते कारभाऱ्याच्या हातात द्या आणि त्याला दोन मिनिटं शांतपणे वाचू द्या. हमखास चुकणाऱ्या गोष्टी दोन, पाण्याच्या बाटल्या आणि रोट्या. एपीएसचा आकडा आधी ऐकलेलाच आहे ना, तेही पाहा. अॅपवर किंवा कार्डावर सवलत असेल तर ती बिल छापायच्या आधी सांगावी लागते आणि बहुतेक वेळा सगळं बिल एकानेच भरावं लागतं, तेव्हा कुणाचं कार्ड वापरायचं हे गोड पदार्थ चालू असतानाच ठरवा.

खाली ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’ अशी ओळ दिसली तर गप्प बसू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सूचना काढली, की सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये आणि ग्राहकावर त्याची सक्ती करू नये. रेस्टॉरंटांच्या संघटना न्यायालयात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती सूचना उचलून धरली. त्यावर अपीलही झालं. तुम्ही आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, ‘हा चार्ज काढून बिल परत द्या, टिप आम्ही वेगळी देतो.’ बहुतेक ठिकाणी दुसरं बिल निमूट येतं. नाहीच आलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण मग टिप खरोखर द्या. तुमच्यासाठी तीन तास उभ्या असलेल्या, खेकडा दाखवायला दोनदा आत-बाहेर केलेल्या माणसाच्या हातात रोख द्या. चार्ज काढायला लावून फोल्डरमध्ये पन्नासची नोट सरकवणारे ग्राहक हक्कांवर बोलायला लागले की मला हसू येतं.

आता टीटीएमएमचे ते दोन प्रकार. पैपैचा हिशोब, म्हणजे कुणी किती रोट्या खाल्ल्या ते मोजणं, हा एक. एकूण भागिले सहा, हा दुसरा. पहिल्याने मैत्री आटते, दुसऱ्याने कुणीतरी मुकाट्याने सोसतं. समजा, कर धरून जेवणाचे ९,००० आणि मद्याचे ३,६०० झाले, आणि सहापैकी तिघांनीच घेतली. सरसकट भागले तर प्रत्येकी २,१००. पण न घेणाऱ्याचा खरा वाटा १,५०० आणि घेणाऱ्याचा २,७००. म्हणजे न घेणाऱ्याने दर वेळी दुसऱ्याच्या ग्लासाचे सहाशे भरायचे, आणि वर लिंबू सरबत पीत घेणाऱ्यांचे तेच ते किस्से ऐकायचे. माझा तोडगा असा. मद्य घेणाऱ्यांवर, एपीएस खाणाऱ्यांवर, बाकी सगळं समान. तीनच भागाकार. हे सूत्र माणशी आकडा विचारायच्या त्या पहिल्या फोनवरच सांगून टाका, म्हणजे टेबलावर त्याचा उच्चारही करावा लागत नाही.

उरलेलं बांधून मागायला लाजू नका, कितीही मोठं ठिकाण असो. फक्त मासळी आणि कोळंबी दोन तासांच्या लोकलप्रवासाला देऊ नका. ज्याचं घर जवळ त्याच्या हातात ती पिशवी द्या, आणि घरी पोचल्यावर ती आधी फ्रीजमध्ये.

पैसे त्याच रात्री मागा. दुसऱ्या दिवशी मागणं अवघड वाटतं आणि आठवड्याने मागणं अशक्य होतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याला पैशाची रिक्वेस्ट पाठवण्याची सोय बंद झाली आहे, त्यामुळे कारभाऱ्याने ग्रुपवर बिलाचा फोटो, आपला क्यूआर कोड आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा आकडा टाकावा. आकडे पूर्ण रुपयांत, दहाच्या पटीत. वरचे सात-आठ रुपये कारभाऱ्याने सोसावेत. आणि पुढच्या वेळचा कारभारी दुसरा, हे त्याच मेसेजच्या खाली लिहून टाकावं.